गादीखालचं गवत

२४ ऑगस्ट, बुधवार. लातूर

ही डायरी क्लासवाल्यांनी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पास झालेल्या एकेका पोराचा फोटो आहे. आजच्या पानावर चष्मेवाला आहे. त्याच्या तोंडावर लिहिणं बरं नव्हे म्हणून मी त्याच्या हनुवटीखालून सुरू करते. सुकन्या म्हणाली, "आज्जी, तू मला दिवसभर जे सांगत बसतेस ना, ते हिला सांग. मला अभ्यास करू दे." मी तिसरी शिकलेली, तीही पुरती नाही, मध्येच म्हैस व्याली. काना-मात्रा चुकला तर चष्मेवाल्यानं हसू नये.

मी महानंदा. माझी नात सुकन्या डॉक्टरकीच्या परीक्षेला बसलीय, दुसऱ्या खेपेला. लातुरात रीतच आहे, लेकराला खोली करून द्यायची आणि सोबत एक म्हातारी द्यायची. खोलीबरोबर पंखा मिळतो, पाण्याचा माठ मिळतो, म्हातारी तेवढी घरून आणावी लागते. आमच्या गल्लीत प्रत्येक जिन्यात एक बसलेली आहे. लसूण सोलत सगळ्यांचं एकच बोलणं, आमच्याला किती पडले, तुमच्याला किती पडले. आधी मला वाटलं शेंगांच्या पोत्यांचं बोलायल्यात.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागते. मी एकदा लावून बघितला. मालकीणबाई चंद्रप्रभाबाई, माणूस चांगलं, पण रात्री नऊला खालच्या लोखंडी दाराला कुलूप घालतात आणि किल्ली उशाशी घेऊन झोपतात. मला कुलूप सोसत नाही. मी आमच्या खोलीची कडी लावतच नाही, नुसतं दार लोटते आणि त्याला माझी चप्पल अडकवते.

परवा राजशेखरचा, माझ्या लेकाचा, फोन आला. मुखेडला त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधाचं दुकान आहे. म्हणाला, दसऱ्यापर्यंत मार्क वाढले नाहीत तर सुकन्याला निवासी बॅचला टाकतो. तिथं आत गेलं की गेट बंद, फोन फक्त रविवारी. फोनचा आवाज मोठा आहे, तिनं ऐकलं. काही बोलली नाही. अर्धी भाकर खाल्ली, अर्धी ताटाखाली दडवली. ही पोरगी लहानपणी इतकी बोलायची की तिची आई कानात कापूस घालायची.

२७ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. खोलीत बैल कुठले, मी कणकेचे दोन केले आणि कुकरभोवती मिरवले. सुकन्या हसली. हसली म्हणून लिहिते, नाहीतर कणकेचे बैल काय कुणीही करतं.

आज ती क्लासहून आली तर पिशवीत गवत. मी म्हटलं, काय गं, बकरी पाळायलीस का. तर म्हणाली, बायोलॉजीच्या मॅडमनं सांगितलंय, गवत गोळा करायचं, दाबून वाळवायचं, जाड कागदावर बसवायचं, खाली नाव-गाव लिहायचं. शंभर वर्षांनीसुद्धा कुणी बघितलं तर कळलं पाहिजे की इथं हे उगवत होतं. त्याला हर्बेरियम म्हणतात. तो शब्द माझ्या कवळीत अडकतो म्हणून आम्ही त्याला गवताचं दप्तर म्हणायचं ठरवलं.

मी मनात म्हटलं, बरोबर आहे. डॉक्टरला झाडपाला कळला पाहिजे, नाहीतर गोळ्या कशाच्या करणार.

रीत अशी. पेपरची घडी उघडायची, गवत पसरायचं, तुरा मोकळा सोडायचा, वर दुसरा पेपर, आणि मग वजन. रोज पेपर बदलायचा, नाहीतर बुरशी येते. वजनाला तिनं क्लासची जाडजूड पुस्तकं रचली. इतक्या दिवसांत ती पुस्तकं हातात घेताना पोरगी पहिल्यांदा खुशीत दिसली. तरी दाब पुरेना. मग मी म्हटलं, आण इकडं, माझ्या गादीखाली घाल, साठ-पासष्ट किलोची म्हातारी फुकट पडून असते.

"कूस बदलू नको हं आज्जी, कागद सरकतो."

रात्रभर पाठीवर. पहाटे घोरले म्हणे. पण गवत सरळ निघालं.

४ सप्टेंबर, रविवार

आज मी लातूर पाहिलं. म्हणजे लातूर संपतं तिथं गेले. दुपारची बॅच बंद झालीय म्हणून सुकन्यानं मला रिक्षात घातलं आणि अंबाजोगाई रोडला, जिथं नुसते प्लॉट पाडून ठेवलेत, तिथं उतरवलं. कमरेएवढं गवत. वर सगळं आभाळ. किती दिवसांनी मी लांबचं काही बघितलं, डोळ्याला पाणी आलं, म्हटलं वारं लागलं.

पिशवीत खुरपं आणलंच होतं. पदर खोचला आणि दुखरा पाय लांब सोडून बसले. डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्यानं सपकन. आम्ही उभं आयुष्य असंच खुरपलं. तिनं एक गवत शोधेस्तोवर मी बांधभर कापून ठेवलं आणि म्हटलं घे, भर तुझं दप्तर.

ती बघत राहिली. मग मटकन खाली बसली.

"आज्जी, मुळं कुठायत?"

मी म्हटलं, मुळं जमिनीत. मूळ ठेवलं तर पुन्हा फुटतं ना बाई, म्हणून तर वरून तोडायचं असतं.

मग तिनं मला शिकवलं. ह्या वयात. गवताच्या भोवतीनं लांबून माती सैल करायची, घाई नाही, बोटं खालून घालायची, आणि लेकराची मान धरावी तसं उचलायचं. मूळ, काडी, पान, तुरा, सगळं एकाचं एक पाहिजे. मूळ नसलं तर ते अर्धंच. माझ्या हाताला ते येईना. तीनदा तुटलं. चौथ्यांदा हरळी अख्खी आली, मिशांसकट, आणि मी अशी ओरडले की रस्त्यावरचा मोटरसायकलवाला थांबला.

लव्हाळ्यावरून आमचं भांडण झालं. ती म्हणते ते गवतच नाही, त्याची काडी तिकोनी असते. मी म्हटलं अगं मी ते सत्तर हजार वेळा उपटलंय. तिनं काडी माझ्या बोटांत फिरवायला दिली. तिकोनीच की. एवढ्या वेळा उपटलं आणि एकदा हातात फिरवून नाही बघितलं.

कुंदा गवत कागदापेक्षा लांब निघालं. मी कात्री शोधायला लागले तर म्हणाली, कापायचं नाही, दोन ठिकाणी हलकं मोडायचं आणि अख्खं बसवायचं. बसलं. ती आज दोन भाकरी जेवली.

चंद्रप्रभाबाई जिन्यात भेटल्या, त्यांना मी गवताच्या प्रॅक्टिकलचं सांगितलं. म्हणाल्या, "अहो महानंदाबाई, रिपीटरला कसलं आलंय प्रॅक्टिकल?" त्यांचा नातू मिहिर डॉक्टर झालाय, चौकातल्या फलकावर त्याचा फोटो होता. दुसऱ्याच्या लेकराचं कौतुक काही लोकांना सोसत नाही.

११ सप्टेंबर, रविवार

सुकन्याला आता रविवारी नांदेडला मोठी टेस्ट असते. पहाटेच्या एसटीनं जाते, दिवेलागणीला येते. मी म्हटलं कसा होता पेपर, म्हणाली सोपा. मला इतका आनंद झाला की मी सांजा केला. पायाला मात्र घोट्यापर्यंत गाळ. गोदावरीच्या काठानं जावं लागतं का गं टेस्टला, तर म्हणाली हो, रस्त्याचं काम चालूय.

पिशवीत काठावरचं उंच गवत आणि एका वेगळ्या कागदात किनवटच्या रानातलं रोशा गवत. ते मॅडमनी दिलं. त्या मनस्विनी मॅडम नांदेडच्या कॉलेजात आहेत म्हणे, त्यांच्याकडं भिंतभर लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांत सगळ्या मराठवाड्याचं गवत झोपलंय. लातूरच्या क्लासची मॅडम नांदेडला राहते, बिचारीला रोजचं किती जाणं-येणं.

रोशाचा वास असा की अत्तर झक मारतं. गादीखाली घातलं तर सगळी खोली दरवळली. चंद्रप्रभाबाईंनी खालून विचारलं, कुणी पाहुणे आलेत का.

कागदांना किडा लागू नये म्हणून मी सगळ्यांवर आपली विभूती चिमूट-चिमूट टाकली होती. सुकन्यानं बघितलं, ब्रशनं एकेक पान झाडत बसली. रागावली नाही. म्हणाली, "आज्जी, हे गवत आहे, भक्त नाही."

१४ सप्टेंबर, बुधवार

निलंग्याकडं जमिनीतून आवाज यायलेत म्हणे. लोक बाहेर झोपायलेत. गल्लीतल्या म्हाताऱ्या आज लसूण विसरल्या, सगळ्यांनी आपापला भूकंप काढला. माझा सगळ्यांत मोठा, पण मी काढला नाही. मला पाय दुमडून बसता येत नाही, एवढ्यावरूनच त्या ओळखतात.

रात्री सुकन्या अंधारात म्हणाली, आज्जी, ढिगाऱ्याखाली होतीस तेव्हा तुला काय वाटत होतं?

मी तिला गंमत सांगितली. विसर्जनाची रात्र होती, मी कणीक भिजवून झाकून ठेवली होती, आणि आत अडकल्यावर मला त्या कणकेचीच काळजी, की ती आंबून जाणार. खरंच तसं वाटत होतं. चौदा वर्षांचा राजशेखर मिरवणुकीला गेलेला, तो वाचला, त्यानं आणि गावातल्या माणसांनी मला काढलं. माझा पाय चेचला होता. संध्याकाळपर्यंत डॉक्टर नाही. तो पोरगा माझा पाय मांडीवर धरून बसला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे, घरात एक डॉक्टर पाहिजे.

ती म्हणाली, ते नाही गं. आत असताना माणूस काय करतं?

मी म्हटलं, आधी ओरडतं. मग दमतं. मग त्याला वाटतं, वरच्यांना आपला किती त्रास. मग गप पडतं.

"मग?"

मी म्हटलं, मग काय, झोप आता, सकाळी क्लास आहे.

नीलम्माचं काही सांगितलं नाही. ते सांगायचं नसतं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

आठ दिवस लिहायला फुरसत नाही. आम्ही चिकटवायला घेतलंय. जाड पांढरा कागद, त्यावर वाळलेलं गवत. जाड काडी सुई-दोऱ्यानं टाचायची, ते काम माझं. गोधडीचा टाका घालते, मागून गाठ दिसत नाही. ती उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात लिहिते, गवताचं नाव, कुठं मिळालं, कधी, कुणी काढलं. "कुणी" मध्ये दोन ठिकाणी माझं नाव घातलंय. हरळीवर आणि पवन्यावर. मतदार यादीनंतर माझं नाव छापल्यासारख्या अक्षरात इथंच.

पवना, शेडा, मारवेल, कुसळी, कुंदा. कुसळी पायात घुसली की आम्ही तिच्या सात पिढ्या काढायचो. पांढऱ्या कागदावर अशी दिसते की नवरीला द्यावी.

सुकन्या काम करताना गुणगुणते. अभ्यासाच्या टेबलाशी बसली की मात्र तिचा चेहरा बंद दुकानासारखा. परवा नळ सोडून मोरीत किती तरी वेळ बसली होती. विचारलं तर म्हणाली पाणी येतंय का बघत होते.

रविवारी राजशेखर येतोय. दसऱ्याच्या आधी मार्कांचं विचारायला. सुकन्या ते ऐकल्यापासून पांढरी पडलीय. मी तिला काही बोलले नाही, पण मी ठरवलंय. मार्कांचा कागद काय, त्यात नुसते आकडे. मी त्याला हिची खरी मेहनत दाखवणार. अख्खं दप्तर मांडून ठेवणार. बघ म्हणावं, कशी शिकायली तुझी लेक.

२५ सप्टेंबर, रविवार

मांडलं.

सुकन्या दूध आणायला खाली गेली होती. राजशेखर चपला काढतच होता, तेवढ्यात मी पलंगावर, टेबलावर, फरशीवर सगळे कागद मांडले. त्याला पाऊल टाकायला जागा ठेवली नाही. आणि सगळं सांगितलं, मोठ्या हौसेनं. दुपारची बॅच बंद झालीय तर पोरगी वेळ वाया घालवत नाही, रानात जाते. दर रविवारी नांदेडला टेस्ट देते. नांदेडच्या मॅडमचा हिच्यावर किती जीव.

तो एकेक कागद बघत होता. चेहरा बदलत गेला. मला वाटलं भरून आलं.

मग त्यानं क्लासला फोन लावला. दुपारची बॅच बंद झालेली नाही. नांदेडला कसलीच टेस्ट नसते.

सुकन्या दुधाची पिशवी घेऊन दारात उभी होती. तो तिच्यावर ओरडला नाही. हळूच म्हणाला,

"हे मारायचं औषध विकून मी तुझी फी भरतो, सुकन्या."

तिनं बापाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. नुसतं बघितलं.

म्हणजे मॅडम क्लासच्या नव्हत्याच. गाळ रस्त्याच्या कामाचा नव्हता. चंद्रप्रभाबाईंना कळलं होतं, गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कळलं असेल. एक मीच.

२६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी तिला निवासी बॅचला सोडलं. गेट मोठं आहे, निळं. तिनं पाया पडताना माझा दुखरा पाय टाळून दुसऱ्या पायाला हात लावला. नेहमी तसंच करते. दप्तर खोलीवरच राहिलं, राजशेखर म्हणाला नंतर बघू. मी त्याच्याबरोबर मुखेडला. एसटीत खिडकीची जागा मिळाली. दोन्ही बाजूंनी गवत. मी डोळे मिटून घेतले.

३० सप्टेंबर, शुक्रवार. मुखेड

आजचा दिवस भूकंपाचा. लिंगपूजा केली. बेल वाहिला. राजशेखर दुकानातून दुपारीच आला आणि ओसरीवर बसून राहिला. दरवर्षी असंच बसतो.

२ ऑक्टोबर, रविवार

फोन आला. पाच मिनिटं. ती रडत होती, शब्द कळत नव्हते. "आज्जी, पप्पांना सांग, मला घेऊन जा." सूनबाईनं डोळे पुसले. राजशेखर म्हणाला पहिल्या आठवड्यात सगळीच रडतात, सरांनी सांगितलंय.

९ ऑक्टोबर, रविवार

फोन. आज रडली नाही. आवाज दमलेला. जेवलीस का, हो. काय होतं, भाजी. कशाची, भाजीच. राजशेखर म्हणाला बघ, रुळली.

मी गादीवर पाठीवर झोपते अजून. सवय लागली. खाली काही नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार

फोन आला. तिचा आवाज एकदम गोड. शांत.

"मी ठीक आहे, आज्जी. तुम्ही कुणी त्रास घेऊ नका."

आई-बापाची चौकशी केली, म्हशीची केली. राजशेखर खूश होऊन दुकानात गेला. मी फोन हातात धरून उभीच.

डायरी, तुला सांगते. कुणाला सांगितलं नाही. त्या रात्री आत मी एकटी नव्हते. माझ्या पलीकडं, मधे एक तुळई, नऊ वर्षांची नीलम्मा होती. राजशेखरची बहीण. ती आधी ओरडली. मग दमली. मग उजाडताना वर माणसांचे आवाज आले, राजशेखरचा आला, "नीले, ओ दे." मी म्हटलं ओ दे गं. ती म्हणाली, "अव्वा, मी ठीक हाय. आधी तुला काढू दे." आणि गप. वरच्यांनी कान लावला. इथं आवाज नाही म्हणाले. मला काढलं आणि पुढच्या घराकडं गेले. माझी दातखीळ बसली होती. शुद्ध आली तेव्हा ती पलीकडं आहे एवढं सांगितलं, तोवर दुपार झाली होती, ती गेली होती.

राजशेखरला मी तीस वर्षं सांगत आलेय, ती पहिल्या हादऱ्यातच गेली, तिला काही कळलं नाही. चौदा वर्षांच्या पोराला दुसरं काय सांगायचं.

आता तोच आवाज फोनमधून आला.

तो दुकानातून आला, हातपाय धुतले, जेवला. मी जेवू दिलं. मग त्याला अंगणात नेलं आणि सगळं सांगितलं. उभ्या उभ्या ऐकून घेतलं त्यानं. मग तुळशीच्या कट्ट्याला हात लावून खाली बसला. मी म्हटलं,

"ती गप पडली म्हणून आपण पुढं गेलो, राजू. दुसरीही गप पडलीय."

त्यानं एकच विचारलं. तिनं माझी हाक ऐकली होती का. मी म्हटलं ऐकली होती. खोटं बोलायचं राहिलंच नाही आता.

सकाळ व्हायची त्यानं वाट बघितली नाही. जीपवाल्याला उठवायला गेलाय. मी चप्पल घालून बसलेय.

१७ ऑक्टोबर, सोमवार. लातूर

गेटवर सरांनी अडवलं. भेटायची वेळ नाही म्हणाले. मग समजूत घालायला लागले, तुमची मुलगी फार चांगली आहे, एकदम शांत, काही तक्रार नाही, हूं की चूं नाही. "शांत" म्हटल्यावर राजशेखरचा चेहरा असा झाला की ते स्वतःच बाजूला झाले.

ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून होती. उशाखाली पोळ्या. वाळलेल्या, दाबलेल्या, रोजच्या रोज ठेवलेल्या. राजशेखर फरशीवर गुडघे टेकून बसला. त्यानं तिच्या पाठीला कान लावला. खूप वेळ. मग तिच्या पाठीतून हुंदका आला, लांबून यावा तसा.

सामान मी भरलं.

जाताना खोलीवरून दप्तर घ्यायला गेलो. मला वाटलं बुरशी आली असेल. चंद्रप्रभाबाईंनी गठ्ठा काढून दिला, वर जातं ठेवलेलं. रोज पेपर बदलत होत्या. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, आमचा मिहिरही फोनवर हल्ली ठीक आहे एवढंच म्हणतो हो. मी त्यांना म्हटलं, जाऊन या. एकदा डोळ्यांनी बघून या.

२३ ऑक्टोबर, रविवार. मुखेड

दिवाळी उद्यावर आली, घरात चकलीची भाजणी पडलीय, आणि आम्ही तिघं आज कुठं गेलो तर जुन्या गावाला.

असं झालं. सुकन्या चार दिवस नुसती झोपली, मग जेवली, मग काल दप्तर उघडून बसली. बाप दारात उभा राहून बघत होता. परीक्षा एकदा दे, मग जूनला नांदेडच्या मॅडमकडं जायचं असेल तर जा, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली देईन, पण इथून, घरातून. तो हो म्हणाला. अजून त्याला गवतात काय आहे ते कळलेलं नाही, कळेल असंही वाटत नाही. पण मग त्यानंच विचारलं, आमच्या जुन्या गावाचं गवत आहे का यात.

नव्हतं. आम्ही कुणीच तिथं जात नाही. सरकारनं नवं गाव बसवलं, जुनं तसंच पडून. मी तीस वर्षांत पाऊल ठेवलं नाही.

डोंगर-डोंगर दगड. आणि त्या सगळ्यावर पवना, छातीइतका, तांबूस झालेला, वाऱ्यानं एकदम एका अंगावर व्हायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मला वाटलं होतं मला धाप लागेल. लागली नाही. मी सुकन्याला सांगत सुटले, इथं बसवण्णाचं देऊळ, इथं आमची म्हैस, इथं तुझ्या आज्जीची कणीक. ती हसली. मग मी म्हटलं, आणि इथं तुझी आत्या. तिला सगळं सांगितलं. तिनं माझा हात धरला.

राजशेखर पुढं जाऊन उभा होता. त्याला जागा माहीत होती. माझ्याआधी.

तिथं एक पवना एकटा वर आला होता, दोन दगडांच्या मधून. मी पिशवीतून खुरपं काढून त्याला दिलं. त्यानं ते घेतलं नाही. बसला आणि बोटांनी भोवतीची माती सैल करायला लागला. लांबून. एकेक खडा उचलून बाजूला ठेवायचा. सुकन्या त्याच्याजवळ बसून सांगत होती, पप्पा घाई नको, खालून बोटं घाला, ओढू नका, ते आपोआप येतं. त्याची नखं मातीनं भरली. त्याची नखं अशी भरलेली मी एकदा पाहिली होती. मी तिकडं न बघता मारवेल शोधल्यासारखं केलं.

बराच वेळ लागला. आलं. मूळ, काडी, तुरा, सगळं एकाचं एक. त्यानं ते दोन्ही हातांवर धरलं होतं आणि कुणाला द्यावं त्याला कळत नव्हतं.

सुकन्यानं पेपर उघडला. मग पेन काढून म्हणाली, जागेचं काय लिहू? मी म्हटलं लिही, नीलम्माचा उंबरा. ती म्हणाली आज्जी, गाव-तालुका लिहावा लागतो. राजशेखर म्हणाला, तोही लिही आणि तेही लिही.

आता ते माझ्या गादीखाली आहे. सुकन्या शेजारी झोपलीय, तोंड उघडं टाकून, तिच्या आत्यासारखी. आज कूस बदलायची नाही. कागद सरकतो.